ओ द्यायला कोणीतरी

परेश ठक्करनं बेल दाबली, तशी आत घंटा घणघणली आणि दारावरच्या काचेच्या झडपेत एक लाल दिवा पेटला.

"मावशींना ऐकू येत नाही," परेश आम्हाला म्हणाला. "दिवा बघून दार उघडतात. बोलताना त्यांच्याकडे तोंड करून बोला, ओठांवरून सगळं समजतं त्यांना. आणि किमतीचं आज काही काढू नका."

परेश आमचा एजंट. मुलुंड पूर्वेला त्या वर्षी जेवढी जुनी घरं विकायला निघाली होती, ती बहुतेक सगळी त्यानं आम्हाला दाखवली होती. मी आणि माझा नवरा शैलेश तेव्हा भांडुपला भाड्यानं राहत होतो. मालकानं करार वाढवायला नकार दिला होता आणि सानिकाला, आमच्या मुलीला, मुलुंडच्या शाळेत प्रवेश मिळाला होता. शनिवार आला की आम्ही घरं बघायला निघायचो. प्रत्येक जिन्यात आमच्यासारखीच दोन-तीन कुटुंबं उभी असायची, एकमेकांकडे चोरून बघत. भिंतींना ओल, बाथरूमला जेमतेम दार, लिफ्टचं नाव नाही, आणि किंमत विचारली तर माणूस गप्पच व्हावा. बिल्डर येणार, इमारत पाडणार, टॉवर बांधणार, मग आतल्या माणसांना दुप्पट मोठी घरं मिळणार, अशी हवा होती. त्यामुळे घर जितकं मोडकळीला आलेलं तितका त्याचा भाव चढा. आम्ही दोनदा होकार कळवला आणि दोन्ही वेळा संध्याकाळपर्यंत घर दुसऱ्याच कोणाचं झालेलं होतं.

'सुखदा' सोसायटीतलं हे तिसऱ्या मजल्यावरचं घर मात्र वर्षभर विकलं गेलं नव्हतं. मालकीणबाई सांगत होत्या त्या किमतीत पलीकडच्या नव्या टॉवरमध्ये लिफ्टसकट घर मिळालं असतं. एवढी किंमतही द्यायला तयार झालेली माणसं निघाली होती, पण बाईंनी त्यांनाही नकार दिला होता.

"का?" शैलेशनं जिना चढताना विचारलं होतं.

"म्हाताऱ्या माणसांचं काय सांगायचं," एवढंच परेश म्हणाला होता.

दार उघडलं. इंदुमती कर्णिक बुटक्या होत्या, पाठ ताठ, हातात काठी, केस नीट विंचरून मागे बांधलेले. आम्हाला आत घेताना त्यांची नजर आमच्या डोळ्यांकडे आलीच नाही. ती थेट ओठांवर येऊन थांबली. आधी मला संकोचल्यासारखं झालं, मग सवय झाली.

"बघा घर," त्या म्हणाल्या. आवाज जरा चढा आणि सपाट होता. "मी बसते इथे. माझे गुडघे गेलेत."

घर जुनं असलं तरी बसलेलं नव्हतं. मोझॅकच्या लाद्या घासूनपुसून गुळगुळीत, ओट्याचा कडप्पा स्वच्छ. शैलेश आणि परेश स्वयंपाकघरात पाण्याच्या टाकीबद्दल बोलत राहिले आणि मी एकटीच आतल्या खोलीत गेले.

खोलीत एक लोखंडी खाट होती, तिच्यावर धुतलेली चादर ताणून घातलेली. खाटेच्या डोक्यापासून भिंतीला धरून एक दोरी बांधली होती, कमरेच्या उंचीवर. ती दारापर्यंत येत होती, तिथून वळून बाथरूमच्या कडीपर्यंत जात होती. कपडे वाळत घालायला फार खाली होती. मी हात लावून पाहिला. दोरी जागोजागी हातानं घासून तुळतुळीत झाली होती.

तेवढ्यात बाहेर बेल वाजली. पुढचं गिऱ्हाईक आलं असणार.

"कोण आलंय गं?"

आवाज माझ्या पाठीमागून आला. बाईमाणसाचा, वयस्कर, तांदूळ निवडता निवडता कोणी सहज विचारावं तसा. मी वळलेही नाही. घरात अजून कोणी असेल, बाथरूममध्ये असेल, असं वाटलं.

"घर बघायला आलेत," मी म्हणाले. "आम्ही पण त्यासाठीच आलोय."

"असं होय," आवाज म्हणाला.

मग मी वळले. बाथरूमचं दार उघडं होतं आणि आत कोणी नव्हतं. खोलीच्या उंबऱ्यावर मात्र इंदुमतीबाई काठीवर दोन्ही हात ठेवून उभ्या होत्या. त्या केव्हा उठून आल्या मला कळलं नव्हतं. माझ्या तोंडाकडे त्या अशा बघत होत्या, की मी आणखी काही बोलेन आणि त्यातला एक शब्दही त्यांना सोडायचा नाहीये.

"नाव काय तुझं?" त्यांनी विचारलं.

"हर्षदा. हर्षदा पेडणेकर."

"पुन्हा ये. बुधवारी, दुपारी," त्या म्हणाल्या, आणि वळून दार उघडायला गेल्या.

जिना उतरताना मी परेशला विचारलं, "आत त्यांच्याबरोबर अजून एक बाई राहतात ना? त्यांचंही नाव घरावर आहे का? नंतर काही भानगड नको."

परेश दोन पायऱ्या पुढे होता. तो थांबला, पण मागे वळला नाही.

"मावशी एकट्याच राहतात," तो म्हणाला. "बहीण होती. दोन वर्षं झाली तिला जाऊन." खाली आल्यावर शैलेशला चहाच्या टपरीकडे घेऊन गेला आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत राहिला. मी लांब उभी होते. ऊन कडक होतं.

शैलेशनं मला सगळं घरी आल्यावर सांगितलं, सानिका शेजारी खेळायला गेल्यावर. तो हसत होता, पण ते हसू जमत नव्हतं त्याला.

"ती बाई प्रत्येकाला आतल्या खोलीत पाठवते. मग विचारते, काही ऐकू आलं का? नाही म्हटलं की घर देत नाही. परेशच्या हे लक्षात आलं, तसं त्यानं लोकांना आधीच सांगून ठेवायला सुरुवात केली, की हो म्हणा. एकानं सांगितलं, बाई रडत होती. दुसरी म्हणाली, पैंजण वाजले. तिनं त्यांनाही घालवून दिलं."

"आणि किंमत?"

"किंमत म्हणे लोकांना पळवून लावायला सांगते. तिला पाहिजे तसं माणूस मिळालं तर ती वाट्टेल त्या किमतीला घर देणार आहे. तसं तिनं परेशला बोलून दाखवलंय." तो माझ्याजवळ येऊन बसला. "हर्षदा, तुला खरंच काही ऐकू आलं?"

"बाजूच्या घरातलं असेल," मी म्हणाले. मला तेव्हा तसं वाटून घ्यायचं होतं.

"ते असू दे. पण बुधवारी तू हो म्हणायचंस. तिनं तुला बोलावलंय, म्हणजे तुझं तिला पटलंय. आपल्याला दुसरं घर मिळणार नाहीये, तुला माहितीये."

मला माहीत होतं. आईचे दागिने मोडायचे आधीच ठरलं होतं, तरीही आमचा हात कुठल्याच घरापर्यंत पोचत नव्हता.

बुधवारी शैलेश आणि परेश खाली थांबले. इंदुमतीबाईंनी मला बाहेरच्या खोलीत बसवलं, पाणी दिलं आणि माझ्या बरोबर समोर खुर्ची ओढून बसल्या.

"मी टेलिफोन एक्स्चेंजला होते," त्या म्हणाल्या. "चाळीसेक वर्षं कानाला यंत्र. कुठल्या लाईनवर कोण आहे ते मला श्वासावरून कळायचं. आणि शालू, माझी बहीण, आंधळी. जन्मापासून नाही, चौदाव्या वर्षी ताप आला त्यात डोळे गेले. लग्न तिनं केलं नाही आणि मीही केलं नाही. आईवडील गेल्यावर आम्ही दोघी इथे आलो. मी कामावरून यायचे, बेल वाजवायचे, किल्ली होती तरी. ती आतून विचारायची, कोण आलंय? मी म्हणायचे, मी आले. मग ती दोरीला धरून बाहेर यायची."

त्या थांबल्या. मी काही बोलते का ते पाहिलं.

"दोन वर्षांपूर्वी ती गेली. साधा खोकला होता, न्यूमोनिया झाला. तेराव्याला भाचा बेंगळुरूहून आला, त्यानं बेल वाजवली आणि आतून शालूनं विचारलं, कोण आलंय? त्याला नाही ऐकू आलं. मला आलं. मी नेहमीसारखी ओ दिली. मग रोजच. दूधवाला, पेपरवाला, कोणीही येवो. ती विचारायची, मी सांगायचे. भीती कसली वाटणार मला? माझी बहीण ती. तिला अजून कळलेलं नाही, एवढंच मला वाटायचं. डोळे नव्हते, त्यामुळे अंधार तिला नवा नव्हता. आपण कुठे आहोत हे कळायला काहीतरी बदललेलं दिसावं लागतं ना?"

रस्त्यावरून एक रिक्षा गेली. घर शांत होतं.

"मग माझे कान गेले. गेल्या दिवाळीनंतर अगदीच काही नाही. यंत्रं लावून पाहिली, सगळं केलं. आता ती विचारते की नाही, मला समजत नाही. दिवा लागला की मी अंदाजानं ओ देते. पण वेळेवर देते की नाही कोण जाणे. ती विचारत असेल आणि मी गप्प बसलेली असेन. असं किती वेळा झालं असेल?"

पहिल्यांदाच त्यांनी माझ्या ओठांवरून नजर काढून माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"निनाद, माझा भाचा, म्हणतो बेंगळुरूला चल. डॉक्टर म्हणतात हा जिना मला एक दिवस मारणार. श्रावणात पडले मी, मधल्या वळणावर, शेजारच्या मुलांनी उचलून आणलं. मला जायला पाहिजे. पण ती इथे असली तर मी कशी जाऊ? आणि नसलीच, तर कोणासाठी राहतेय? लोक येतात आणि थापा मारतात. शालू कशाला रडेल? पैंजण तिनं जन्मात घातलं नाही. त्या दिवशी तू बोलत होतीस. मी बघत होते. तू थापा मारत नव्हतीस, तुला ठाऊकच नव्हतं काही. तू ओ देणारी आहेस. आत जाऊन ऐक. ती असली तर मला सांग. मग हे घर तुझं. तुम्हाला जमेल ते द्या, मी तोंडातून आकडा काढणार नाही."

मी उठले. एक खरं सांगते, मला त्या क्षणी भीतीपेक्षा घरच जास्त दिसत होतं. सानिकाचं टेबल खिडकीपाशी कसं बसेल इथपर्यंत मी मनात पोचले होते. ऐकू येवो न येवो, हो म्हणायचं, असं ठरवूनच मी आतल्या खोलीत गेले.

खोलीत ऊन आलं होतं. चादरीवर एक सुरकुती नव्हती. मी खिडकीला पाठ लावून उभी राहिले.

बाहेर इंदुमतीबाई काठी टेकत दाराबाहेर गेल्या. बहिरी बाई स्वतःच्याच दाराची बेल दाबत होती. घंटा घणघणली आणि थांबली.

"कोण आलंय?"

या वेळी मी ज्या दिशेनं आवाज आला तिकडेच बघत होते. खाटेवर, उशीच्या बाजूनं. तिथे ऊन आणि चादर याखेरीज काही नव्हतं. मी ओ दिली नाही. बाहेरचं दार लागलं, काठीचा आवाज जवळ येऊ लागला. आणि भिंतीवरची दोरी खाटेच्या टोकाकडून ताणली गेली, जशी कोणी तिला धरून उठल्यावर ताणली जाईल. मग ताण माझ्या बाजूला सरकत आला, हळूहळू, हातामागे हात. माझ्यापासून वीतभर अंतरावर तो थांबला.

इंदुमतीबाई उंबऱ्यावर आल्या होत्या. आत न येता तिथेच उभ्या राहिल्या, खाली काठीकडे बघत. मला वाटलं त्यांना भीती वाटतेय, मी काय सांगेन याची.

"इंदूला सांगू नका," आवाज माझ्या कानापाशी म्हणाला. त्यात घाई होती, जशी दार उघडायच्या आत कोणीतरी पटकन सांगावं. "मी आहे म्हणून सांगू नका. मग ती जायची नाही. तिला जाऊ दे."

म्हणजे तिला सगळं कळलेलं होतं. कधीपासून कोण जाणे. विचारत होती ती बहिणीला बरं वाटावं म्हणून, किंवा सवयीनं, किंवा दोघींमध्ये एवढंच उरलं होतं म्हणून. मला ते आजही सांगता येणार नाही.

मी मान हलवली. मग लक्षात आलं, तिला दिसत नाही. म्हणून मी ओठांतल्या ओठांत म्हणाले, "नाही सांगत."

दोरी सैल झाली.

"काय म्हणाली?" उंबऱ्यावरून प्रश्न आला.

मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. खाली रस्त्यावर शैलेश वाट बघत होता. भांडुपच्या घरातलं सामान खोक्यांत भरून तयार होतं.

"काही नाही मावशी," मी म्हणाले. एकेक शब्द नीट उच्चारला, त्यांना दिसावा म्हणून. "आत कोणी नाही. मला काही ऐकू आलं नाही."

"त्या दिवशी?"

"शेजारचं असेल. मला वाटलं घरातलंच कोणी. चुकले मी."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग हात लांब करून त्यांनी दोरीला स्पर्श केला, नुसता स्पर्श, आणि हात मागे घेतला.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग मी मोकळी झाले."

शैलेश आठवडाभर माझ्याशी धड बोलला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो मुकाट्यानं जेवायचा, ताट उचलून न्यायचा आणि सानिकाला गोष्ट सांगायला जायचा. एकदाच म्हणाला, "एक शब्द. एक शब्द बोलायचा होता तुला. सगळे ऐकू न येता हो म्हणाले."

मी त्याला काय सांगणार होते? मला ऐकू आलं म्हणूनच मी नाही म्हणाले, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? कबूल केलेली गोष्ट अशी, की ती कोणालाच सांगायची नव्हती.

पुढच्या रविवारी परेशचा फोन आला. शैलेशनं घेतला. तो 'हो, हो' करत ऐकत होता आणि ऐकता ऐकता खुर्चीवर बसला.

"मावशी घर तुम्हालाच देतायत," परेश सांगत होता. "त्या बिल्डिंगमधला मागचा फ्लॅट ज्या भावाला गेला, त्याच भावाला. वरचं सगळं सोडलं त्यांनी. माझ्याकडे जास्त देणाऱ्या दोन पार्ट्या होत्या, मी सांगितलं त्यांना. ऐकेनात. का, ते मला विचारू नका."

भाव तरीही आमच्या आवाक्याच्या थोडा वरच होता. पण ते अंतर कर्ज काढून, दागिने मोडून भरता येण्यासारखं होतं. शैलेशनं आपल्या परीनं उत्तर शोधलं. बायको खरं बोलली, थापा मारल्या नाहीत, म्हाताऱ्या बाईला ते भावलं. पुढे कित्येक वर्षं तो पाहुण्यांना हे कौतुकानं सांगायचा आणि मी चहा आणायला आत जायचे.

इंदुमतीबाई गेल्या तो दिवस मला नीट आठवतो. निनाद आला होता, पस्तिशीचा, हळुवार बोलणारा. त्यांना खुर्चीत बसवून दोन हमाल जिन्यानं खाली उतरवत होते. मी त्यांची पिशवी घेऊन मागून चालत होते. मधल्या वळणावर त्यांनी हात वर केला आणि हमालांना थांबायला सांगितलं. "तू खाली जाऊन टॅक्सी आली का बघ," त्या निनादला म्हणाल्या. हमाल कठड्याशी जाऊन तंबाखू मळू लागले.

"इकडे ये," त्यांनी मला बोलावलं. "समोर उभी राहा."

मी उभी राहिले.

"नाही सांगत, म्हणालीस तू तिला."

माझ्या हातातून पिशवी खाली ठेवली गेली.

"हळू बोललीस," त्या म्हणाल्या. "पण माझ्यासमोर हळू बोललं काय आणि ओरडून बोललं काय, मला सारखंच दिसतं."

"तुम्ही तर खाली बघत होता."

"सगळा वेळ नाही."

मला रडू येत होतं. त्यांना नव्हतं येत. त्यांनी माझा हात धरून थोपटल्यासारखं केलं.

"तिनंच सांगितलं असणार. लहानपणापासून तशी. ताप आला होता ना, दिसेनासं झालं तरी चार दिवस कोणाला बोलली नव्हती. माझी परीक्षा होती म्हणून. चाचपडत माझ्यासाठी दूध गरम करायची. मला वाटायचं, आंधळी कोशिंबीर खेळतेय. आता तिच्या मनात मी जावं असं आहे, तर जाते. मी तिला सांगून नाही आले. सांगितलं असतं तर मला कळलं, हे तिला कळलं असतं."

खालून निनादनं हाक मारली. हमाल पुन्हा खुर्चीपाशी आले.

"बेल वाजली की ओ देत जा," त्या म्हणाल्या. "दुसरं काही करायला नको. कोण आलंय तेवढं सांगायचं."

आम्ही दसऱ्याला राहायला गेलो. शैलेशनं पहिल्याच दिवशी दोरी सोडायला घेतली, मी म्हटलं राहू दे, सानिकाला त्यावर फ्रॉक टाकता येतील. तो तेवढ्यावर गप्प बसला. बेल वाजायची आणि आतून प्रश्न यायचा, रोज नाही, पण यायचा. मी पोळ्या लाटता लाटता सांगायचे. गॅसवाला आलाय. कुरिअर आहे. शैलेशची आई आलीये सावंतवाडीहून, राहणार आहे आठ दिवस. "असं होय," आवाज म्हणायचा, कधी म्हणायचाही नाही. शैलेशला वाटायचं मला स्वतःशी बोलायची सवय लागलीये. माझी भीती कधी गेली ते मला समजलं नाही. एके दिवशी लक्षात आलं की गेलेली आहे.

एकदाच दचकले. सानिका शाळेतून आली, तिनं बेल वाजवली, मी दार उघडलं. मी काही बोलायच्या आतच ती दप्तर काढता काढता आतल्या खोलीच्या दिशेनं म्हणाली, "मीच आलेय, आजी. आज चित्रकला होती." मग माझ्याकडे बघून, अगदी साध्या आवाजात, "त्यांना सांगावं लागतं ना, दिसत नाही त्यांना." मी तिला काही शिकवलं नव्हतं.

तिसऱ्या वर्षी, मार्चमध्ये, निनादचा फोन आला. संध्याकाळ होती.

"आत्या गेली," तो म्हणाला. "आज दुपारी. तिच्या डायरीत तुमचा नंबर होता, म्हणून कळवतोय."

मी विचारायचं ते विचारलं. त्रास झाला का, कोण होतं जवळ. तो शांतपणे सांगत होता. शेवटचे तीन दिवस हॉस्पिटलमध्ये होती, शुद्ध जायची, यायची. मग तो जरा घुटमळला.

"एक गोष्ट विचित्र झाली. तुम्ही तिला ओळखत होता म्हणून सांगतो. तिला काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं, तुम्हाला माहितीये. डोळे मिटलेले होते, म्हणजे ओठही दिसत नव्हते कोणाचे. तरी आज सकाळपासून ती सारखी ओ देत होती. 'ओ. मीच आहे. मी आले.' नर्स मला विचारायची, यांना कोण हाक मारतंय? मी काय सांगणार."

"किती वेळ?" मी विचारलं.

"दुपारपर्यंत. मग एकदा म्हणाली, 'उठू नकोस, मीच आत येते.' आणि गेली."

फोन ठेवून मी आतल्या खोलीत जाऊन बसले. त्या दिवशी सकाळपासून आमच्या दाराची बेल कितीतरी वेळा वाजली होती. दूध, पेपर, इस्त्रीवाला, शेजारची दही मागायला. मी कामात होते, तरी प्रत्येक वेळी कान देऊन होते. कोणी काही विचारलं नव्हतं.

नंतरही कोणी विचारलं नाही. इमारत पाडेपर्यंत आम्ही तिथे आणखी सहा वर्षं राहिलो. बेल वाजली की सानिका आणि मी, दोघीही, क्षणभर थांबून मग दार उघडायचो.